उभं रक्त

रक्त बसलं नव्हतं.

भगवंतानं नळीपुढं तोंड नेलं, मग चष्मा काढून खाकी कोटाच्या कडेला पुसला, पुन्हा चढवला आणि पुन्हा पाहिलं. लाकडी चौकटीत दोन काचनळ्या उभ्या होत्या, वीतभर उंचीच्या, अंगावर बारीक रेघा कोरलेल्या, आत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेटचं पाणी मिसळलेलं. डावीकडच्या नळीत सहा नंबरच्या खाटेवरच्या हमालाचं रक्त होतं. त्याला छातीचा ताप. तासाभरात त्याच्या रक्तातला लाल गाळ अर्ध्यावर उतरला होता आणि वर फिकट पिवळं पाणी निवांत उभं होतं. तापकऱ्याचं रक्त असंच बसतं. जितकी आत आग, तितकं झपाट्यानं. उजवीकडची नळी गोदाची. गोदा त्याची धाकटी बहीण, परवाच पातूरहून बैलगाडीत निजवून आणलेली. पोटाच्या उजव्या कुशीत गळू, आणि अंगाला हात लावावा तर तव्याला लावल्यासारखा. तिचं रक्त पहिल्या पाव तासातच खाली यायला हवं होतं. ते वरच्या रेघेपासून खालच्या टोकापर्यंत लालच्या लाल उभं होतं. केसभर पाणी सुटलेलं नव्हतं. पाहुण्याला चार वेळा ‘बसा’ म्हणावं आणि त्यानं उंबऱ्यात नुसतं उभं राहून आपल्याकडं पाहत राहावं, तसं.

बाहेर व्हरांड्यातल्या घड्याळानं साडेनऊचा एकच ठोका दिला. फाल्गुन लागला होता, तरी अकोल्याची कापसाची जिनं अजून चालू होती, आणि खिडकीतून रुईचे बारीक तंतू आत तरंगत येत होते. टेबलावर, बाटल्यांच्या बुचांवर, भगवंताच्या भुवयांवर ते येऊन बसत. रोज त्याला त्यांचा राग यायचा. आज एक तंतू गोदाच्या नळीच्या तोंडापाशी आला, घुटमळला, आणि आत न जाता बाजूनं निघून गेला. भगवंत त्याच्याकडं पाहतच राहिला. अकरा वाजता सर्जनसाहेब गोदाचं पोट उघडणार होते. त्याआधी त्यांना दोन गोष्टी कळायला हव्या होत्या: रक्त किती झपाट्यानं खाली बसतं, म्हणजे आत सूज किती, आणि रक्त किती वेळात गोठतं, म्हणजे कापल्यावर ते थांबेल की नाही. दुसरी गोष्ट भगवंतानं सकाळीच पाहून, मध्यप्रांत सरकारचा शिक्का असलेल्या कागदावर ‘आठ मिनिटे’ असं लिहून वर धाडली होती. आठ मिनिटं म्हणजे उत्तम. आठ मिनिटं म्हणजे खुशाल कापा.

उभं रक्त त्यानं याआधी पाहिलं होतं. पण माणसाचं नव्हे.

अमरावतीच्या दवाखान्यात तो वीस वर्षांचा असताना लागला, तेव्हा रक्ताच्या खोलीत नत्थुजी होते. काळे, सडपातळ, कानात भिकबाळी आणि तोंडात कायम लवंग. आठवड्यातून दोनदा खाटकाकडून मेंढीचं ऊन रक्त पितळी गंजात यायचं, आणि ते गोठायच्या आत नत्थुजी त्यात उकळलेल्या खराट्याच्या काड्यांची जुडी घालून घुसळायला बसायचे. ताक घुसळावं तसं. पाच-सात मिनिटांत काड्यांना काहीतरी धरायला लागायचं: आधी शेंबडासारखं, मग दोऱ्यासारखं, मग दोऱ्यांचा चिवट गुंता. तो धुतला की लाल निघून जायचं आणि पांढराशुभ्र पेळू हातात राहायचा, सुताच्या वातीसारखा. खाली गंजात उरलेलं रक्त मग कधीच गोठायचं नाही. रोगाचे जंतू वाढवायच्या काचबश्यांत ते कामाला यायचं. पहिल्या दिवशी भगवंताला वांती झाली होती. नत्थुजी हसले होते. "पोट्ट्या, जिनात कापसाची सरकी काढतेत, इथं आपुन रगताची रुई काढून राहिलो. धंदा एकच." आणि मग, लवंग या गालातून त्या गालात नेत, "हा धागा रगतात हिंडत असते, बरं. दिसत नाई. पान्यात साखर हिंडते तसा. आंग कापलं का तो आपला आपुन कातला जाते, जाळं इनते, भोक बुजवते. आन आंगात आग लागली, गळू झालं, ताप आला, का धागा जास्तच सुटते. मंग लाल दाने एकमेकाले चिकटतेत, रुपयांवर रुपये ठेवल्यासारखे, आन जड होऊन खाली बसतेत. समजलं? बसते थे धाग्याच्या भारानं."

एकदा गंमत म्हणून भगवंतानं घुसळलेलं, धागा काढून घेतलेलं रक्त उभ्या नळीत भरून ठेवलं होतं. संध्याकाळ झाली तरी ते जागचं हललं नव्हतं. नत्थुजींनी ती नळी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला होता. "फेक थे," एवढंच ते म्हणाले. पांढरे धागे मात्र ते कधी उकिरड्यावर टाकू द्यायचे नाहीत. कडुनिंबाच्या बुंध्याशी माती उकरून पुरायचे. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "ज्यानं बांधून ठेवलं, त्याले मोकळं सोडू नाई."

आता बावीस वर्षांनी अकोल्याच्या खोलीत भगवंताला ते सगळं एका दमात आठवलं, आणि त्याच्या पाठीवरून कुणीतरी ओला हात फिरवल्यासारखं झालं. गोदाचं रक्त घुसळलेल्या रक्तासारखं उभं होतं. तिच्या रक्तातून काड्या कोणी फिरवल्या होत्या? आणि धागाच नसेल तर सकाळी ते आठ मिनिटांत गोठलं कसं?

हा प्रश्न मनात आला आणि त्याचं उत्तर आधीच तिथं बसून वाट पाहत होतं.

मिनिटं मोजायचं घड्याळ या खोलीत नव्हतं. आधीच्या डॉक्टरांबरोबर ते गेलं, नागपूरला मागणीचे दोन कागद गेले, घड्याळ काही आलं नाही. व्हरांड्यातलं इथून दिसत नाही. पण भगवंताला त्याची कधी अडचण पडली नव्हती, कारण त्याच्यापाशी आईच्या ओव्या होत्या. जात्यावरच्या. आठ वर्षांचा होईपर्यंत रोज पहाटे आईच्या मांडीवर डोकं टेकून तो त्या ऐकत आला होता. जात्याची घरघर कानात नव्हे तर दातांत ऐकू यायची. अठरा ओव्या त्याला येत होत्या. अमरावतीत असताना एकदा नत्थुजींच्या खिशातल्या घड्याळासमोर बसून त्यानं मनातल्या मनात म्हणून पाहिल्या होत्या: दोन ओव्यांचं बरोबर एक मिनिट. इथं आल्यापासून नळीत रक्त घेतलं की तो ओठ न हलवता ओवी म्हणायचा, ओवी संपली की नळी कलती करून पाहायचा. रक्त हललं की पुढची ओवी. चांगल्या माणसाचं रक्त बारा ते सोळाच्या मधे थांबायचं. किती बाळंतिणींचं, किती हमालांचं, एका मामलेदाराचंसुद्धा रक्त त्यानं जात्यावर दळलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. मिशीवाल्या बाप्यानं बायकांची गाणी गुणगुणायची, हे कोणाला सांगायचं?

सकाळी गोदाची नळी हातात घेतली तेव्हा जिनाचा आठाचा भोंगा नुकताच विरत होता. त्यानं पहिली ओवी घेतली.

घास तुले देते, पिवळ्या ज्वारीचा,
डोळा लेकराचा लागू दे गं.

आणि मग, हे त्याला आत्ता साडेनऊला कळत होतं, मग तो थांबला होता. आई थांबायची तसा. प्रत्येक ओवीनंतर आई जात्याच्या तोंडात मूठभर दाणे सोडायची. खुंटा एका हातानं हळू फिरत राहायचा, दुसरा हात सुपात जायचा, दाणे खळखळ उतरायचे, आणि मग पुढची ओवी उचलली जायची. नळीपुढं मोजताना त्या मुठी तो नेहमी वगळत आला होता. आज एकही वगळली नव्हती. आज आई सावकाश दळत होती. ‘भावाच्या मळ्यात झेंडू उमलला, बहिणीले धाडला सुईदोरा’ ही ओवी आली तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पातूरचा मळा आला, वाफ्यातला चिखल, गोदाची लहानपणची झेंडूसारखी फुगलेली झिपरी, आणि किती मुठी पडल्या कोण जाणे. सोळाव्या ओवीला रक्त हललं नाही म्हणून त्यानं आठ मिनिटं लिहिली. लिहीत असताना बाहेर भोंगा वाजत होता. आत्ता तो त्याला पुन्हा ऐकू आला, लांबलचक, घोगरा. तो साडेआठचा भोंगा होता.

अर्धा तास. आणि अर्ध्या तासानं जे थांबलं ते तरी काय होतं? त्यानं कोपऱ्यातली सकाळची नळी उचलली. तळाशी दह्याच्या निवळीत असावी तशी एक लिबलिबीत पापडी होती. त्यानं बोटानं टिचकी मारली. पापडी फुटली आणि सगळं पुन्हा वाहू लागलं.

भगवंत स्टुलावर बसला. घाबरल्यासारखं त्याला वाटत नव्हतं. एखाद्या घरात आपण फार वर्षांपूर्वी आलो होतो आणि आता भिंतीवरचा खिळासुद्धा ओळखीचा निघतो आहे, तसं वाटत होतं. कारण वाहणारं रक्त त्यानं सगळ्यांत आधी अमरावतीत पाहिलंच नव्हतं. त्या पहाटे आई दळत होती. पोट मोठं, जातं दूर, तरी दळत होती. अठरा ओव्या झाल्या आणि तिनं एकोणिसावी घेतली, जी तो पहिल्यांदाच ऐकत होता: मागल्या दारानं कोण आलं गेलं… आणि खुंटा सुटला. पुढची ओळ तिच्या ओठांतच राहिली. मग तिला मागच्या खोलीत नेलं. दिवस वर आला, सुईण आली, लेकरू रडलं, बायका हसल्या, आणि मग हळूहळू हसायच्या थांबल्या. दाराच्या फटीतून सारवलेल्या जमिनीवर एक लाल ओघळ बाहेर आला. आठ वर्षांच्या भगवंतानं चुलीतली राख आणून त्यावर टाकली. कोंबडं कापल्यावर आजी टाकायची तशी. राख तरंगत पुढं गेली. त्यानं आणखी टाकली. ती पण गेली. ओघळ न थांबता, न घाई करता, अंगणाच्या उताराकडं चालला होता, जसा काही त्याला रस्ता ठाऊक होता. सुईण आत म्हणत होती, "अवो बाई, हे तं नुसतं पानी होऊन राहिलं." दुपारी मागल्या दारानं आईला बाहेर काढलं. लेकरू जगलं. त्याचं नाव गोदा ठेवलं. गोदावरी वाहती नदी आहे, हे तेव्हा कोणाच्या मनात आलं नव्हतं.

आणि पुढचं सगळंही तो चौतीस वर्षं पाहत आला होता आणि त्यानं पाहिलं नव्हतं. गोदाचा दुधाचा दात पडला तेव्हा तीन दिवस उशी लाल. बांगडी फुटून मनगट चिरलं तर आठवडाभर फडकं ओलं. दोनदा दिवस गेले, दोनदा चौथ्या महिन्यात सगळं वाहून गेलं, आणि सासरचे म्हणाले बाईच्या अंगात उष्णता आहे. भगवंतानं अंजीर धाडले होते. रक्ताच्या खोलीत बावीस वर्षं काम करणाऱ्या माणसानं अंजीर धाडले होते.

तो उठला. पिचकारी, एक पेला आणि काड्यांची जुडी ताटलीत घेतली आणि बायकांच्या वॉर्डात गेला.

गोदा भिंतीकडच्या खाटेवर होती. उशाशी तिचा नवरा चंद्रभान, पातूरला वांगी-झेंडू लावणारा, डोक्यावरचा रुमाल मांडीवर घेऊन बसला होता. पिचकारी पाहून तो म्हणाला, "अजून काढता? पऱ्हाटीले बोंडं ठेवतेत, का समदी येचून नेतेत?"

"थोडंसंच," भगवंत म्हणाला.

"दादा," गोदा म्हणाली. तापानं तिचे डोळे चकाकत होते. "सकायचं भोक अजून ओलंच हाये. पाह्य ना." तिनं कोपराच्या खोबणीतला कापूस उचलला. तो पूर्ण भिजून काळा पडला होता, आणि त्याच्या खालून सुईच्या टोकाएवढ्या जागेतून एक थेंब वर आला, फुगला, कलंडला आणि हातावरून निघाला. त्याला काही घाई नव्हती. "नर्स माणिकबाईनं तीन डाव बदलला. मले तं वाटते कोणी आतून भरूनच राहिलं."

"दुखते?"

"दुखत नाई. गुदगुल्या होतेत." ती हसली, मग हसू अर्धंच राहिलं. "दादा, तुह्या तोंडाकडं पाहून मले भेव वाटून राहिलं. काय हाये?"

त्यानं त्याच भोकातून पेलाभर रक्त घेतलं आणि तिथंच, खाटेच्या पायथ्याशी मांडी घालून, काड्या घालून घुसळायला लागला. माणिकबाई नर्स धावत आली. वॉर्डातल्या बायका उठून बसल्या. काड्या फिरत होत्या. मेंढीचं रक्त एव्हाना जड व्हायचं, हाताला ओढ द्यायचं, कोणी दुसऱ्या टोकाला धरल्यासारखं. इथं काहीच धरत नव्हतं. जुडी पाण्यात फिरावी तशी फिरत होती. तो फिरवत राहिला. त्याला वाटलं, आता ओढ लागेल, आता लागेल. आणि त्याच वेळी त्याला ठाऊक होतं की चौतीस वर्षांपूर्वी राखेच्या जागी या काड्या असत्या तरी त्यांना काही धरलं नसतं.

"भगवंत, हे काय मांडलं आहेस तू?"

सर्जनसाहेब दारात उभे होते. केशवराव डॉक्टर, मूळचे पुण्याकडचे, उंच, कमी बोलणारे. त्यांच्या हातात त्याचाच कागद होता.

भगवंतानं जुडी वर काढली आणि पाण्याच्या वाटीत बुडवून त्यांच्यापुढं धरली. लाल धुऊन गेलं. काड्या उघड्या होत्या. एका काडीच्या टोकाला कोळ्याच्या जाळ्याएवढं काहीतरी अडकलं होतं, तेवढंच.

"आठ मिंटं खोटं हाये, साहेब."

"खोटं म्हणजे?"

"घड्याळावर मोजलं नाई. ओव्यांवर मोजलं. मायच्या. जात्यावरच्या."

वॉर्डात कोणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. "किती वर्षं असं मोजतोस?"

"इथं आल्यापासून. चार."

"म्हणजे चार वर्षं मी तुझ्या आईच्या गाण्यावर पोटं कापतो आहे."

"बरोबर कापून राहिले, साहेब. ओवी चुकली नाई कधी. आज मी चुकलो. बहीण हाये माही." मग त्यानं उभ्या नळीचं सांगितलं, घुसळलेल्या रक्ताचं सांगितलं, आईचं सांगितलं. राखेचं सांगताना त्यानं नुसता हात पुढं करून अंगणाचा उतार दाखवला.

डॉक्टरांनी खिशातून घड्याळ काढलं. "नवीन नळी घे," ते म्हणाले. "माझ्यासमोर. घड्याळ मी धरतो. तू तुझं मोज."

"मनात?"

"मोठ्यानं. मला कळायला नको?"

चाळीस खाटांच्या वॉर्डात, दिवसाउजेडी, नोकरीच्या कोटात, मिशीवाला भगवंत नळी मुठीत धरून आईची ओवी म्हणू लागला. पहिल्या ओवीला आवाज फाटला. दुसरीला जागेवर आला. चौथ्या ओवीला डॉक्टरांनी घड्याळाकडं पाहून भुवई उचलली: बरोबर दोन मिनिटं झाली होती. ओवी संपली की तो नळी कलती करायचा आणि रक्त गुळगुळीत खाली यायचं. सहा. नऊ. तेरा. गोदानं मान वळवून त्याच्याकडं तोंड केलं होतं. तिनं या ओव्या कधीच ऐकल्या नव्हत्या. आईच्या घरात ती आली तेव्हा जातं थांबलं होतं. आणि भगवंतानं त्या तिला कधी ऐकवल्या नव्हत्या, एकदाही नाही, आंब्याच्या कोयीसारख्या आपल्यापुरत्या गालात धरून ठेवल्या होत्या. तिनं आईला मारलं असं त्यानं कधी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच काय होती? नुसतं द्यायचं नाही, एवढं पुरतं. पंधरा. सतरा. अठराव्या ओवीला नळी कलती केली आणि रक्त खाली आलं.

"संपल्या," तो म्हणाला.

"पहिल्यापासून घे," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या फेरीत अठरा होऊन गेल्या. तिसरी फेरी अर्ध्यात असताना डॉक्टरांनी घड्याळ मिटलं. "आज कापणं नाही," ते हळू म्हणाले. मग गोदाच्या पोटावर हात ठेवून, "पण उद्याच्या पलीकडेही थांबता येणार नाही. गळू आतच फुटेल." त्यांनी भगवंताकडं पाहिलं. "तुझ्यात धागा आहे का?"

त्यानं स्वतःचा हात पुढं केला. त्याचं रक्त घुसळायला डॉक्टर स्वतः बसले, पंप शूज काढून, जमिनीवर. काड्यांना ओढ लागली तेव्हा भगवंताला ती आपल्या कोपरात जाणवली. धागे निघाले, मेंढीएवढे नाहीत, पण निघाले, पांढरे, चिवट. त्यानं ते कोणाला टाकू दिले नाहीत, रुमालात बांधून खिशात ठेवले. मग काचेवर दोघांचं रक्त मिसळून पाहिलं, ते एकमेकांशी भांडलं नाही. आणि दुपारी जोडखाटांवर बहीण-भाऊ निजले, त्याच्या हातातून बाटलीत आणि बाटलीतून तिच्यात रक्त उतरत राहिलं. चंद्रभान मधोमध उभा राहून कधी या हाताकडं, कधी त्या हाताकडं पाहत होता. "पाट सोडल्यावानी हाये हे," तो म्हणाला. "पहिला वाफा सुकू देऊ नका, भगवंतराव."

भगवंताला झोप येत नव्हती आणि जागही नव्हती. हात हलका होत होता, आणि त्या हलकेपणातून जात्याची घरघर येत होती, दातांत. छताच्या कौलांतून उन्हाचा पट्टा उतरला होता आणि त्यात रुईचे तंतू हळूहळू फिरत होते; वर नाही, खाली नाही, नुसते फिरत. त्याला वाटलं आपणही असेच कुणाच्या तरी अंगात न दिसता हिंडत होतो, आणि आता कातले जात आहोत.

चारचा भोंगा झाला तेव्हा डॉक्टर पुन्हा आले. नळी घेतली, गोदाच्या दुसऱ्या हातातून रक्त घेतलं, भगवंताच्या हातात दिली आणि स्वतः घड्याळ उघडून बसले. भगवंतानं तोंड उघडलं. ओवी येईना. रक्त दिलेल्या माणसाला थकवा येतो, हे त्याला माहीत होतं, पण हे ते नव्हतं. अठरांपैकी एकही ओवी जागेवर नव्हती. सूप रिकामं होतं.

"मी म्हणू?" गोदा म्हणाली. "सकायी तूनं म्हटल्या तेवढ्या आयकल्या ना मीनं."

ती म्हणू लागली. तापातला, चिरका, हळू आवाज. शब्द एकही चुकत नव्हता; आणि प्रत्येक ओवीनंतर ती जराशी थांबत होती, मूठभर दाणे पडावेत एवढी. थांबायचं तिला कोणी शिकवलं होतं? सकाळी डॉक्टरांपुढं त्यानं मुठी वगळूनच म्हटल्या होत्या. भगवंत ओवीमागं ओवी नळी कलती करत गेला. दहा, बारा, चौदा. रक्त येत होतं, पण आता जड येत होतं, मागं वळून पाहत. सतरा. अठरा. गोदा थांबली. दाणे पडले. आणि मग, छताकडं पाहत, जणू तिथं काही लिहिलेलं असावं तशी, ती म्हणाली,

"मागल्या दारानं, कोण आलं गेलं,
पाणी सांडलेलं वाळू दे गं."

भगवंताला आपल्या टाचांखाली सारवलेली जमीन लागली.

"हे… हे तुले कोणं सांगतलं?"

"काय?"

"हे. शेवटचं. मी नाई म्हटलं हे."

गोदानं त्याच्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत कसलंही कोडं नव्हतं. "कोणं सांगतलं नाई," ती म्हणाली. "मले येते. लहानपनापासून येते. मले वाटे समद्यायलेच येत असन."

"भगवंत," डॉक्टर म्हणाले. "नळी."

त्यानं नळी कलती केली. मग आणखी कलती केली. मग पूर्ण उलटी धरली, तोंड जमिनीकडं करून, आणि तिच्याखाली आपला उघडा तळहात धरला.

हातावर काही पडलं नाही.